ट्रेमधली रोपं दरवेळी माना का टाकतात? बी रुजवायच्या मिश्रणातले दोष कसे ओळखावेत

घरात ट्रेमध्ये बी टाकलं, निम्मं उगवलं, उगवलेल्यातलं निम्मं आठवड्यात आडवं झालं आणि उरलेलं पिवळं पडून जागच्या जागी थांबलं. पुढच्या हंगामात बियाणं बदललं, तरी तेच. असं लागोपाठ होत असेल तर दोष बहुतेक वेळा बियाण्यात नसतो. तो ट्रेमध्ये भरलेल्या मिश्रणात किंवा त्या मिश्रणाला पाणी देण्याच्या पद्धतीत असतो. नेमका कुठे, हे रोपच सांगतं, फक्त ते कधी आणि कसं बिघडलं एवढं नीट पाहायला हवं.

तरी बियाण्यावरचा संशय आधी मिटवून टाका. कागदी रुमाल ओला करून पिळा, त्यावर १० बिया मोकळ्या मांडा, घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पिशवी साधारण २५ अंशांच्या जागी ठेवा. टोमॅटोला ५ ते ८ दिवस, मिरचीला दोन आठवड्यांपर्यंत वेळ द्या. दहातल्या आठ रुजल्या आणि ट्रेमध्ये चारच उगवल्या, तर उरलेल्या चार मिश्रणाने खाल्ल्या. कागदावरही चारच रुजल्या तर हा लेख बाजूला ठेवून नवं बियाणं आणा. लेट्यूसची चाचणी मात्र २० अंशांच्या आसपास घ्या. ३० अंशांच्या वर त्याच्या बऱ्याच जाती चांगलं बी असूनही रुजतच नाहीत.

उथळ कप्पा आणि बागेतली माती

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे बागेतली चांगली काळीभोर माती ट्रेमध्ये भरणं. वाफ्यात जी माती सोनं, तीच ४ सेंटिमीटर खोल कप्प्यात रोपाचा गळा आवळते. ती जास्त पोषक आहे की कमी, हा मुद्दाच नाही. मुद्दा कप्प्याच्या उंचीचा आहे.

कुठल्याही कुंडीत पाणी घालून निचरा होऊ दिला तरी तळाशी एक थर पूर्ण भिजलेलाच राहतो. छिद्रं कितीही असोत, त्या थरातलं पाणी सूक्ष्म पोकळ्यांनी धरून ठेवलेलं असतं, ते खाली पडत नाही. या थराची उंची मिश्रणाच्या पोतावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा ती ३ सेंटिमीटर आहे. २० सेंटिमीटरच्या कुंडीत वरचे १७ सेंटिमीटर मुळांना मोकळे मिळतात. ४ सेंटिमीटरच्या कप्प्यात एकच सेंटिमीटर उरतो. खात्री करायची असेल तर भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवून आडवा धरा, गळणं थांबलं की तोच उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाण्याच्या स्तंभाची उंची तेवढी वाढली.

तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घालून निचरा सुधारतो हा समजही इथेच मोडतो. बारीक मिश्रणातलं पाणी मोठ्या खड्यांच्या पोकळीत सहज उतरत नाही. भिजलेला थर खड्यांच्या वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी घटते. मातीत बारीक वाळू मिसळण्याचंही तसंच. ती मातीच्या कणांमधल्या फटी भरून टाकते आणि सुकल्यावर गोळा आणखी घट्ट होतो. वाळू घालायचीच असेल तर धुतलेली आणि जाड हवी, २ ते ४ मिलिमीटर दाण्याची, आणि भरपूर.

बागेच्या मातीचा दुसरा दोष वरून दिसतो. दोन-तीन वेळा झारीने पाणी दिलं की गाळाचे कण पृष्ठभागावर बसून पापडी धरतात. नीट पाहिलं तर पापडीला बारीक भेगा असतात आणि एखाद्या भेगेच्या कडेला कोंबाचा वाकलेला पांढरा मणका दिसतो, डोकं अजून खाली अडकलेलं. कांदा, गाजर अशा नाजूक कोंबांना हे कवच फोडता येत नाही. अशा बियांवर मातीऐवजी ३ ते ५ मिलिमीटर बारीक व्हर्मिक्युलाइट (तापवून फुलवलेलं, पापुद्र्यांचं हलकं खनिज) पसरा. ते ओल धरतं आणि पापडी धरत नाही.

मिश्रणात हवा किती, हे मोजता येतं

अंदाजाने ठरवण्यापेक्षा हे एकदा करून पाहा. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून साधारण १ लिटर मावेल असं भांडं करा. तळाला चार-पाच छिद्रं पाडा आणि बाहेरून चिकटपट्टी लावून बंद करा. वाफशावर असलेलं, म्हणजे ओलं पण न चिकटणारं मिश्रण १ लिटरच्या खुणेपर्यंत भरा, भांडं दोनदा टेबलावर आपटा, कमी झालं तेवढं पुन्हा भरा. आता कडेने हळूहळू पाणी सोडा. पृष्ठभागावर पाण्याची चकाकी आली आणि पाच मिनिटांनीही टिकली की थांबा. भांडं परातीवर धरून पट्टी काढा आणि अर्धा-पाऊण तास गळू द्या.

परातीत पडलेलं पाणी म्हणजे निचऱ्यानंतर मिश्रणात शिरलेली हवा. १ लिटरमागे १५० ते २५० मिलिलिटर पाणी आलं तर मिश्रण बियांसाठी ठीक आहे. १०० च्या खाली आलं तर त्यात पर्लाइट (फुलवलेल्या ज्वालामुखी काचेचे पांढरे, हलके दाणे) वाढवा आणि चाचणी पुन्हा घ्या. उथळ कप्प्यात ही हवा बाटलीतल्यापेक्षा कमीच असते, त्यामुळे आकडा काठावर असेल तर तो नापासच समजा. ३०० च्या वर गेला तर मिश्रण इतकं भरड आहे की बारीक बी दोन पाण्यांच्या मध्ये वाळून जाईल.

रोप जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतं

ही रोपांची मर. पिथियम आणि रायझोक्टोनिया या मातीतल्या बुरश्या नेहमीच्या दोषी. खोड मातीच्या पातळीवर पाणथळ होतं, मग दोऱ्यासारखं आक्रसतं आणि वरची पानं हिरवीगार असतानाच रोप आडवं पडतं. एका कप्प्यापासून शेजारच्या कप्प्यांत गोल पसरत जातं. बी मातीतच कुजलं तर ती याच रोगाची आधीची पायरी असते. आपल्याला वाटतं उगवण कमी झाली. न उगवलेल्या जागी काडीने उकरून पाहा. बी मऊ, तपकिरी आणि दाबल्यावर पिचकणारं निघालं तर ते कुजलंय. टणक आणि कोरडं असेल तर ओल किंवा ऊब पोहोचली नाही.

आडवं झालेलं रोप उठत नाही, त्यावर काही शिंपडण्यात वेळ घालवू नका. तो कप्पा मिश्रणासकट काढून टाका. उरलेल्या ट्रेवरचं झाकण काढा, छोटा पंखा लांबून मंद फिरवा आणि पृष्ठभाग फिकट दिसेपर्यंत पाणी देऊ नका. त्यानंतर पाणी खालून द्या. ट्रे १ सेंटिमीटर पाण्यात ठेवायचा, वरचा थर गडद झाला की उचलायचा, साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. तासन्‌तास ठेवलात तर पिथियमलाच आमंत्रण, कारण त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात.

जुने ट्रे आधी ब्रशने घासून धुवा, मग १ भाग घरगुती ब्लीच आणि ९ भाग पाण्यात १० मिनिटं बुडवा आणि स्वच्छ पाण्याने काढा. हा क्रम महत्त्वाचा आहे. चिकटलेली माती तशीच ठेवली तर क्लोरीन तिच्यावरच खर्च होतं. गेल्या वर्षीचं मिश्रण बियांना वापरू नका, मोठ्या कुंडीत टाका.

मिश्रणात माती असेलच तर ती तापवून घ्यावी लागते. ओलसर माती झाकलेल्या भांड्यात ओव्हनमध्ये ठेवा, मधोमध थर्मामीटर खोचा आणि मातीचं तापमान ८२ अंशांवर गेलं की ३० मिनिटं धरा. बुरशी आणि बहुतेक तणांचं बी त्यात मरतं. ९० च्या पुढे नेऊ नका. जास्त तापलेल्या मातीत अमोनियम आणि मँगनीज इतकं सुटं होतं की कोवळी मुळं त्यानेच भाजतात. आणखी एक गोष्ट लक्षात राहू द्या. तापवलेल्या मातीत रोगाला अडवणारे जीवही उरत नाहीत. त्यामुळे नंतर मळके हात किंवा मळकी झारी लागली तर मर आधीपेक्षा वेगाने पसरते. तापवलेली माती झाकून थंड करा आणि लगेच वापरा.

खोड आक्रसलेलं नाही, नुसतं लांब, पांढुरकं आणि कलंडलेलं असेल तर ती मर नाही, तो उजेडाचा तुटवडा आहे. मिश्रण बदलून फरक पडणार नाही. ट्यूब किंवा एलईडी दिवा रोपाच्या शेंड्यापासून १० सेंटिमीटरच्या आसपास आणा आणि दिवसाला १४ ते १६ तास लावा.

उगवण रेंगाळते, बीजदलांच्या कडा जळतात

हे क्षारांचं काम. अंकुर आणि पहिलं मूळ क्षाराला फार हळवं असतं. मोठं झाड ज्यावर पोसतं, त्याच मिश्रणात बी पाणीच ओढू शकत नाही. उगवण मागेपुढे होते, मुळांची टोकं तपकिरी पडतात, कप्प्याच्या कडेला पांढरी खपली धरते.

क्षार दोन वाटांनी येतात. पहिली वाट म्हणजे खताचा हात सैल सुटणं. गांडूळ खत कितीही चांगलं असलं तरी बियांच्या मिश्रणात आकारमानाने पाचव्या हिश्शावर जाऊ नका. अर्धवट कुजलेलं शेणखत तर अजिबात नको, त्यातून सुटणारा अमोनिया कोंब जाळतो. खत तयार आहे का हे बघायला ते ओलं करून बरणीत घट्ट बंद करा आणि तीन दिवसांनी उघडा. मातीचा वास आला तर ठीक, नाकात झिणझिण्या आल्या किंवा कुबट वास आला तर आणखी कुजू द्या.

दुसरी वाट कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. नारळाच्या सोडणात पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड मुळातच असतात. सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलं असेल तर आणखीच. त्यामुळे ‘धुतलेलं, कमी ईसी’ (ईसी म्हणजे विद्युतवाहकता, पाण्यातल्या क्षारांचं माप) असं लिहिलेली वीटही एकदा धुऊनच वापरलेली बरी. ६५० ग्रॅमच्या विटेला ३ ते ४ लिटर पाणी लागतं, फुगून साधारण ८ लिटर होते. ती गोणपाटाच्या किंवा जाळीच्या पिशवीत घालून तीनदा भरपूर पाणी सोडा, दरवेळी निथळू द्या. पहिलं पाणी चहासारखं गडद येतं. पण रंग फिका झाला म्हणजे क्षार गेले असं नाही, ते ईसी मीटरच सांगतो. निथळलेल्या पाण्याची ईसी नळाच्या पाण्यापेक्षा ०.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत जास्त भरली की पुरे.

धुतल्यावरही कोकोपीटच्या कणांना चिकटलेलं सोडियम आणि पोटॅशियम उरतंच. कण नंतर ते सोडतात, त्याऐवजी खतातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि नवी पानं आखडलेली, वेडीवाकडी येतात. यावर उपाय म्हणजे १ लिटर पाण्यात ४ ते ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात कोकोपीट रात्रभर बुडवून ठेवणं आणि सकाळी एकदा साध्या पाण्याने धुणं. पाकिटावर ‘बफर केलेलं’ असं असेल तर ही पायरी सोडा.

तयार मिश्रण तपासायचं असेल तर १ भाग मिश्रण आणि २ भाग शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड पाणी मापाने घ्या, ढवळा, अर्धा तास ठेवा आणि वरच्या पाण्यात मीटर बुडवा. ०.७५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या खाली असेल तर बियांना चालेल. त्यावर असेल तर मिश्रण धुवा किंवा नुसतं कोकोपीट आणि पर्लाइट घालून पातळ करा.

खरी पानं आली आणि वाढ थांबली

पहिल्या खऱ्या पानांपर्यंत रोप बियांतल्या शिदोरीवर जगतं. कोकोपीट, पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), पर्लाइट यांत खायला जवळपास काही नसतं. म्हणून या टप्प्यावर रोपं फिकट पडली, जुनी पानं आधी पिवळी झाली, तर ती भूक आहे. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला पाव ग्रॅम घ्या. त्यात नत्र साधारण ४८ पीपीएम, म्हणजे लिटरला ४८ मिलिग्रॅम बसतं. दुसऱ्या आठवड्यापासून अर्धा ग्रॅम. आठवड्यातून एकदा पुरे. मिश्रणात गांडूळ खत असेल तर आठवडाभर उशिरा सुरू करा.

खत देऊनही पिवळेपणा जात नसेल तर मिश्रण हातात घेऊन बघा. त्यात कच्चा भुसा किंवा लाकडाचे फिके तुकडे दिसले तर नत्र ते कुजवणारे जीवाणू खाताहेत. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर सामू (पीएच) चढलेला असतो आणि लोह अडकतं. जड पाण्याच्या ठिकाणी हे हमखास घडतं. बियांच्या मिश्रणाचा सामू ५.५ ते ६.५ मध्ये हवा. कोकोपीट बहुधा तिथेच असतं, त्याला चुना लागत नाही. पीट मॉस मात्र ३.५ ते ४.५ इतकं आंबट असतं. त्यात लिटरला ३ ग्रॅमच्या आसपास डोलोमाइट चुना मिसळून, ओलं करून आठवडाभर ठेवावं लागतं. हे दोन पदार्थ सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि चुन्याचा घोळ तिथेच होतो.

पानांची खालची बाजू जांभळी झाली की लोक स्फुरद ओततात. आधी मिश्रणात थर्मामीटर खुपसा. १५ अंशांखाली मुळं स्फुरद फारच कमी उचलतात, मिश्रणात तो कितीही असो. ट्रे थंड फरशीवरून उचला.

पाकीट घेताना

कुंड्यांसाठीचं मिश्रण बियांना चालत नाही, हे पाकीट फोडल्यावर कळतं. सालीचे अंगठ्याएवढे तुकडे ६ मिलिमीटरच्या चाळणीने काढता येतात. सावकाश सुटणाऱ्या खताच्या पिवळ्या-हिरव्या गोळ्यांचं तसं नाही. २० लिटरच्या मोठ्या कुंडीत त्या सारख्या वाटल्या जातात. ४० मिलिलिटरच्या कप्प्यांत मात्र एकात सहा येतात, शेजारच्यात एकही नाही, आणि एकाच ट्रेमध्ये जळलेलं आणि उपाशी रोप शेजारी शेजारी दिसतं. गोळ्या असलेलं पाकीट घेऊच नका.

वजनावर जाऊ नका, लिटर बघा. वजनात पाणी असतं. ५० कप्प्यांचा, ५० मिलिलिटरचा ट्रे भरायला अडीच लिटर लागतं आणि दबून कमी होणारं धरून तीन. उघडून वर्षभर ठेवलेलं पीटचं पाकीट कोरडं पडलं की पाणीच शोषत नाही, थेंब वरून घरंगळतात आणि कडेने पळतात. असं मिश्रण कोमट पाणी आणि १० लिटरला भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून बादलीत मळा आणि रात्रभर ठेवा. ट्रेमध्ये भरल्यानंतर हे करायला गेलात तर कप्प्याचा गाभा कोरडाच राहतो.

घरी करायचं तर

१० लिटरसाठी ६ लिटर धुतलेलं कोकोपीट, २ लिटर व्हर्मिक्युलाइट, २ लिटर पर्लाइट. रोपवाटिकांमध्ये रुळलेलं ३:१:१ ते हेच. व्हर्मिक्युलाइट न मिळाल्यास त्या जागी ३ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेलं गांडूळ खत घ्या, पण मग ईसी मोजा. पर्लाइट आधी पाण्याने भिजवा, त्याची कोरडी धूळ छातीत जाते. व्हर्मिक्युलाइट शेवटी मिसळा आणि चोळू नका, त्याचे पापुद्रे दबले की पाणी धरायची ताकद जाते.

मातीचंच मिश्रण हवं असेल तर इंग्लंडच्या जॉन इनेस संस्थेत १९३० च्या दशकात ठरवलेलं प्रमाण अजूनही उभं आहे. २ भाग तापवलेली पोयट्याची माती, १ भाग पीट, १ भाग जाड वाळू, वर लिटरमागे साधारण १.२ ग्रॅम सुपरफॉस्फेट आणि ०.६ ग्रॅम चुना. ते खोल कुंडीला किंवा उंच पेटीला शोभतं, उथळ ट्रेला नाही.

भरण्याआधी मिश्रण ओलं करा. मूठ आवळली की बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार नको. कप्पे भरून ट्रे दोनदा आपटा. अंगठ्याने दाबू नका, बाटलीच्या चाचणीत मिळवलेली हवा एका दाबात जाते. बी स्वतःच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल टाका. पिटुनिया, बेगोनिया, सेलरी, लेट्यूस यांना उजेड लागतो, ती वरच ठेवून फक्त हलकी टेकवा.

किरकोळ वाटणारी लक्षणं

वर हिरवा शेवाळी थर आला तर पाणी जास्त होतंय. तो थर खरवडून व्हर्मिक्युलाइट पसरा. पांढरी कापसासारखी बुरशी बहुधा सेंद्रिय कणांवरच जगते, हवा लागली की जाते. बारीक काळ्या माश्या उडत असतील तर मिश्रणावर कच्च्या बटाट्याची चकती ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटा. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या दिसल्या तर त्या मुळं खाताहेत. पिवळे चिकट सापळे उडत्या माश्या पकडतात, अळ्यांसाठी पाण्यातून बीटीआय (अळ्या मारणारं जीवाणूजन्य औषध) द्यावं लागतं, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा.

टोमॅटो किंवा घेवड्याची पानं फर्नसारखी गुंडाळत असतील आणि मिश्रणात बाहेरून आणलेलं कंपोस्ट असेल तर तणनाशकाचा अंश असू शकतो. क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड ही रसायनं कंपोस्ट होऊनही टिकतात. त्या खतात घेवड्याच्या चार बिया आणि साध्या कोकोपीटमध्ये चार अशा लावून तीन आठवडे पाहा. फरक दिसला तर ते खत भाजीच्या आसपासही नेऊ नका.

बाहेर लावल्यावर सुकतात

७ ते १० दिवस हळूहळू उन्हावाऱ्याची सवय करून लावलेली रोपंही कधी कधी ओल्या वाफ्यात सुकतात. शेजारची माती बोटाला ओली लागते, रोप मात्र मान टाकतं. असं रोप उपटून मुळांचा गड्डा चिमटीत दाबा, कोरडा ठणठणीत असेल. बाहेरच्या मातीचे कण बारीक असल्याने ती भरड मिश्रणातलं पाणी ओढून घेते आणि मुळं अजून गड्ड्याबाहेर पडलेली नसतात. लावण्याआधी गड्डा पाण्यात बुडवून बुडबुडे थांबू द्या. लावताना त्यावर १ सेंटिमीटर बागेची माती येईल इतपत खोल बसवा, म्हणजे उघडी कड हवेत पाणी उडवणार नाही. पहिला आठवडा पाणी वाफ्याला नाही, खोडाजवळ गड्ड्यावरच द्या, रोज एक पेला.